सन्स ऑफ अनार्की घरी लावू का? हिंसा, शिव्या, सेक्स आणि बाकी सगळ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाईकवाल्यांच्या त्या सिरीजबद्दल लोक फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी टाकतोय. स्पॉयलर आहेत, ते टाळून या विषयावर बोलताच येत नाही, पण जिथे मोठी गोष्ट फुटते तिथे आधी सांगितलंय, तेवढं वगळून पुढे जा.

प्र. आधी एका दमात सांगा, ही सिरीज आहे काय?

कर्ट सटर या लेखकाची अमेरिकन क्राइम ड्रामा. एफएक्स चॅनेलवर सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाली, डिसेंबर २०१४ मध्ये संपली, ७ सीझन, ९२ भाग. उत्तर कॅलिफोर्नियातलं चार्मिंग नावाचं काल्पनिक गाव, तिथला सॅमक्रो हा मोटरसायकल क्लब, पुढे गॅरेज आणि मागे बंदुकांचा धंदा. हिरो जॅक्स टेलर (चार्ली हनम) क्लबचा उपाध्यक्ष. त्याचे वडील जॉन क्लबच्या संस्थापकांपैकी, ते कधीच वारलेत. आई जेम्मा (केटी सगाल) हिने वडिलांच्या मित्राशी, क्ले मॉरोशी (रॉन पर्लमन) लग्न केलंय आणि आता क्लेच अध्यक्ष आहे. ओळखीचं वाटतंय ना? हॅम्लेटच आहे, फक्त भुताच्या जागी वडिलांनी लिहून ठेवलेलं बाड आहे, ते जॅक्सला सापडतं आणि पोराचं डोकं फिरायला सुरुवात होते. आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणून शंभरच्या वर वर्षं झाली, तेव्हा हा प्लॉट आपल्याला काही नवा नाही, फक्त राजवाड्याऐवजी गॅरेज.

प्र. रेटिंग काय आहे?

टीव्ही-एमए, म्हणजे अमेरिकन टीव्हीच्या रेटिंगमधलं सगळ्यात वरचं, १७ वर्षांखालच्यांसाठी नाही. आपल्याकडे २०२१ च्या आयटी नियमांनी ओटीटीवाल्यांना यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए अशी विभागणी करायला लावली आणि १३+ पासून पुढे पॅरेंटल लॉक द्यायला सांगितलं. ही माझ्या हिशोबाने सरळसरळ ए, त्यात १६+ वगैरेची चर्चाच नको. पण टीव्ही-एमए एखाद्या नुसत्याच शिवराळ कॉमेडीलाही मिळतं आणि हिलाही, त्या दोन अक्षरांवरून आत काय वाढून ठेवलंय ते कळत नाही, म्हणून तर एवढे प्रश्न येतात.

प्र. घरच्यांसोबत बसून बघता येईल?

नाही.

नवरा-बायको दोघं मिळून बघू शकता, बऱ्याच जोड्या बघतात आणि जेम्मावरून भांडतात. सासू-सासरे, आई-बाबा, मुलं हॉलमध्ये असतील तर पहिल्याच भागात पंचाईत होईल.

प्र. मारामारी किती आहे? मी गँगस्टरवाले सिनेमे भरपूर बघितलेत, मला काही होत नाही.

सगळेच असं म्हणतात. गोळीबार, पाठलाग, स्फोट हे सगळं भरपूर आहे आणि त्याचं खरंच काही वाटत नाही, तो भाग कोणत्याही ॲक्शन सिनेमासारखा निघून जातो. त्रास होतो तो जवळून, हाताने, वेळ घेऊन केलेल्या गोष्टींचा. पहिल्याच सीझनमध्ये क्लबमधून हाकललेला एक माणूस पाठीवरचा क्लबचा टॅटू तसाच ठेवून फिरत असतो, नियम असा की हाकललं की टॅटू काळा करून घ्यायचा, त्याने केलेला नसतो, मग त्याला विचारतात आग की चाकू, आणि ब्लोटॉर्चने ती अख्खी पाठ जाळतात. त्याच सीझनमध्ये त्याच्याही आधी, एका लहान मुलीवर अत्याचार करणाऱ्या जत्रेतल्या माणसाचं लिंग कापण्याचा सीन आहे. म्हणजे कुठे सातव्या सीझनला जाऊन हात सैल सुटलाय असं नाही, सुरुवातीपासूनच हे असं आहे.

पण मला जे सगळ्यात जास्त लागलं ते रस्त्यावर घडतच नाही. सिरीज बाईकवाल्यांची म्हणून विकली जाते, पोस्टरवर बाईक, टायटलमध्ये टॅटू, आणि सगळ्यात वाईट प्रसंग घडतात स्वयंपाकघरात, बेडरूममध्ये, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, घरातल्याच माणसांच्या हातून. चौथ्या सीझनमध्ये क्ले जेम्माला मारतो, स्वतःच्या बायकोला, ती मारहाण संपायचं नाव घेत नाही आणि मागे संगीत नाही, काही नाही. त्याच भागात ताराचा, म्हणजे जॅक्सच्या प्रेयसीचा, जी सर्जन आहे, हात व्हॅनच्या दारात चिरडतो. ज्यांनी घरात मारहाण बघितलीय किंवा सोसलीय त्यांनी तो भाग (सीझन ४, भाग १०) आधी कुणाला तरी विचारून मगच बघावा, एकटं बसून तर नकोच.

प्र. लैंगिक हिंसा आहे का? मला आधी माहीत असलेलं बरं.

आहे, आणि ती एकदाच येऊन जात नाही. इथे थोडं सविस्तर सांगतो कारण हा प्रश्न बहुतेक बायका विचारतात आणि उत्तर देणारे बहुतेक पुरुष "हां थोडंसं आहे" म्हणून मोकळे होतात.

पहिल्या सीझनमध्ये ताराचा जुना बॉयफ्रेंड, जो केंद्रीय एजंट आहे, तिचा पिच्छा करत गावात येतो, घरात घुसतो, जबरदस्तीचा प्रयत्न करतो. हा आठवा भाग. त्याचा शेवट जसा केलाय, मेलेला माणूस त्याच खोलीत पडलेला असताना जॅक्स आणि तारा, ते अनेकांना पचलं नाही, मलाही नाही.

दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात (स्पॉयलर) जेम्माला फसवून नेऊन तिच्यावर सामूहिक बलात्कार होतो. करणारे गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीतले, आणि हेतू हा की ती क्लबला जाऊन सांगेल, क्लब भडकेल, चुका करेल. ती सांगत नाही. फक्त ताराला आणि म्हातारा पोलीस चीफ अन्सरला माहीत असतं, बाकी सगळ्यांना कार ॲक्सिडेंट म्हणून सांगतात. पुढचे कितीतरी भाग ती बाई ते पोटात ठेवून वावरते, नवऱ्याला हात लावू देत नाही, चर्चमध्ये जाऊन बसते, आणि दहाव्या भागात शेवटी मुलाला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगते. हल्ल्याचा सीन भयंकर आहेच, पण सटरने तो वापरून टाकून दिलेला नाही, त्याचं ओझं अख्खा सीझन वाहिलंय, आणि केटी सगालने जे काम केलंय त्याला तोड नाही. तिला २०११ मध्ये जेम्मासाठी गोल्डन ग्लोब मिळालं. (हो, ती खऱ्या आयुष्यात सटरची बायको आहे, स्वतःच्या बायकोसाठी असे सीन कसे लिहिले असतील हा प्रश्न मलाही पडतो.)

नंतरच्या सीझनमध्ये मात्र ही काळजी राहिली नाही असं माझं स्पष्ट मत आहे. सहाव्या आणि सातव्या सीझनमध्ये तुरुंगात पुरुषांवर होणारे बलात्कार येतात, ऑटो आणि ज्यूस या क्लबच्या दोन मेंबरांवर, आणि तिथे त्रास दाखवण्यापेक्षा धक्का देण्याकडे कल जास्त वाटतो. सहाव्या सीझनमध्ये लहानपणी झालेल्या अत्याचाराचा आणि मुलांच्या अश्लील फिल्मांचाही विषय येतो, व्हीनस या पात्राच्या आईच्या निमित्ताने. फिल्म दाखवत नाहीत, पण बोलणं पुरेसं आहे.

प्र. सेक्स आणि नग्नता?

सीन आहेत, बरेच आहेत, पार्श्वभाग दिसतात, अंगाचं पूर्ण प्रदर्शन नाही. क्लबच्या ओळखीतली एक बाई पॉर्न स्टुडिओ चालवते, पुढे क्लब एस्कॉर्ट धंद्यात शिरतो, त्यामुळे मागे कुणी ना कुणी अर्धवट कपड्यात असतंच. तिसऱ्या सीझनमध्ये एक सावत्र बहीण-भावाचा अवघड प्रसंग आहे, दोघांना नातं माहीत नसतं, वेळेवर थांबतं. एवढंच.

प्र. शिव्या?

गंमत इथे आहे. एवढी टोळकी, तुरुंग, दारूचे अड्डे, आणि इंग्रजीतली ती जगप्रसिद्ध एफवाली शिवी त्यांच्या तोंडी येत नाही. अमेरिकेत अँटेनावर फुकट दिसणाऱ्या चॅनेलना एफसीसी या सरकारी संस्थेचे नियम लागतात, केबलवाल्यांना ते तसे लागत नाहीत, पण एफएक्सचं पोट जाहिरातींवर, मग जाहिरातदार पळू नयेत म्हणून चॅनेल स्वतःच स्वतःला कुंपण घालून घेतं. त्या कुंपणात ती शिवी बसली नाही आणि माणसाची पाठ जाळणं आरामात बसलं. बाकीच्या शिव्या मात्र धो धो आहेत, आणि खरं खटकतं ते वंशावरून, रंगावरून, बायकांवरून बोललेलं, ते जवळजवळ प्रत्येक भागात आहे.

प्र. ते वंशद्वेषाचं काय? आणि टॅटूमध्ये स्वस्तिक दिसतं म्हणे.

दिसतं, आणि ते आपल्या दारावरच्या स्वस्तिकाशी काडीचाही संबंध नसलेलं, नाझींचं आहे. नॉर्ड्स म्हणून मेथ हे ड्रग विकणारी एक गोरी टोळी आहे, दुसऱ्या सीझनचा व्हिलन झोबेल हा तर सूटबूटवाला, सिगारचं दुकान टाकून बसलेला गोरा राष्ट्रवादी, आणि त्याचा उजवा हात वेस्टन हा कट्टर. कृष्णवर्णीयांची वन-नायनर्स, मेक्सिकन वंशाच्यांचे मायन्स, चिनी लिन ट्रायड, आयरिश बंदूकवाले, असं सगळं रंगावरून वाटून घेतलेलं जग आहे.

यात एक गोष्ट लोक विसरतात. आपले हिरो पण काही फार वेगळे नाहीत. सॅमक्रोमध्ये काळ्या माणसाला घेत नाहीत, तसा नियमच आहे, आणि चौथ्या सीझनमध्ये ज्यूसचे वडील कृष्णवर्णीय निघतात तेव्हा एक सरकारी वकील तेवढ्या एका माहितीवर त्याला नाचवतो. पोरगा शेवटी झाडाला गळफास लावून घ्यायचा प्रयत्न करतो. माझ्या मते संपूर्ण सिरीजमधली सगळ्यात खरी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ही आहे, कारण इथे गोळी नाही, चाकू नाही, नुसता आपल्याच भावांच्या टेबलावरून उठवलं जाण्याचा धाक आहे.

प्र. आत्महत्येचे प्रसंग आहेत का?

आहेत, वर एक सांगितला. शेवटच्या भागातही (मोठा स्पॉयलर, नको असेल तर पुढचा प्रश्न) मुख्य पात्राचं जाणं हे त्याने स्वतः ठरवलेलंच असतं आणि ते बरंच सुंदर करून दाखवलंय, संगीत, कावळे, हायवे, सगळं. मला त्या सुंदर करण्याचाच राग आहे. सध्या मन नीट नसेल तर ही सिरीज आत्ता नको, आणि कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

प्र. लहान मुलांना काही होतं का? मला बाळाचं काही बघवत नाही.

मग विचार करा. पहिल्याच भागात जॅक्सची आधीची बायको वेंडी गरोदर असताना ड्रग्ज घेते आणि बाळ एबल दहा आठवडे आधी जन्मतं, पोटाचा आणि हृदयाचा दोष घेऊन, काचेच्या पेटीत नळ्या लावलेलं. ते वाचतं, पण पुढे त्याच्या नशिबात काय काय आहे. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याचं अपहरण होतं आणि तिसरा सीझन त्याला शोधत बेलफास्टला जातो. पाचव्यात आजी नशेत गाडी चालवते, मागे दोन्ही नातू, आणि ॲक्सिडेंट. पाचव्याच सीझनच्या पहिल्या भागात टिग या क्लबच्या मेंबरच्या मुलीला (ती लहान नाही, तरुण आहे) बापासमोर जिवंत जाळतात. टिगच्या जुन्या पापाचा बदला म्हणून. हा एक सीन मी कुणालाही बघायला सांगत नाही, त्यात बापाचा आवाज आहे तोच जास्त वाईट आहे.

आणि मग सहाव्या सीझनचा पहिला भाग, सप्टेंबर २०१३. एक शाळकरी पोरगा अख्खा भाग इकडेतिकडे फिरताना दिसतो, वहीत चित्रं काढतो, आणि शेवटी शाळेत जाऊन गोळीबार करतो. बंदूक क्लबच्या धंद्यातली. गोळ्या थेट समोर लागताना दाखवत नाहीत, आवाज आणि किंचाळ्या ऐकू येतात. अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत २० लहान मुलं मारली गेली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पॅरेंट्स टेलिव्हिजन कौन्सिल या संस्थेने जोरदार टीका केली, सटरने बाजू मांडली की हे नुसतं धक्क्यासाठी नाही, पुढच्या सगळ्या गोष्टींचं मूळ हेच आहे. कथेच्या दृष्टीने ते खरं पण आहे, पाच सीझन आपण ज्या बंदुकांच्या पेट्या इकडून तिकडे जाताना "वा, डील झाली" म्हणून बघितल्या त्या कुणाच्या हातात जातात ते पहिल्यांदा दिसतं. मला तो निर्णय धाडसी वाटतो. पण नंतर ती मुलं, ते गाव, त्यांचे आईबाप यांच्याकडे सिरीज फार वेळ बघत नाही, लगेच क्लबच्या भानगडींत परत जाते, आणि तिथे सटरची बाजू कमजोर पडते.

प्र. ड्रग्ज, दारू, सिगरेट?

सतत. सिगरेट तर प्रत्येकाच्या तोंडात, ऑपरेशन थिएटरच्या बाहेरसुद्धा. चार्मिंगमध्ये हार्ड ड्रग्ज येऊ द्यायचे नाहीत असा क्लबचा बाणा असतो, चौथ्या सीझनमध्ये कार्टेलसाठी तोच माल वाहायला लागतात, तिथून सगळं घसरतं. वेंडीचं व्यसनातून बाहेर येणं आणि परत अडखळणं मात्र प्रामाणिक दाखवलंय.

प्र. बायकांना कसं दाखवलंय? माझी मैत्रीण म्हणते की बघूच नको.

मैत्रिणीचं चुकत नाही, पण अर्धंच सांगितलंय. क्लबच्या जगात बाईला दोनच जागा. एक म्हणजे "ओल्ड लेडी", म्हणजे मेंबरची हक्काची बायको, आणि दुसरी म्हणजे क्लबहाऊसवर पडीक असलेल्या पोरी, ज्यांना क्रो-ईटर म्हणतात. टेबलावर बसायचा, मत द्यायचा हक्क एकीलाही नाही. आणि तरी अख्ख्या सिरीजचं चाक फिरवतात जेम्मा आणि तारा याच दोघी, एक सासू एक होणारी सून, आणि त्यांच्यातलं जे काही आहे ते आपल्याकडच्या कुठल्याही डेली सोपच्या लेखकाला सुचलं नसतं एवढं विषारी आहे. (पुढे मोठा स्पॉयलर.) सहाव्या सीझनच्या शेवटच्या भागात जेम्मा ताराला मारते, स्वयंपाकघरात, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, बेसिनच्या पाण्यात डोकं दाबून आणि मांस कापताना वापरतात त्या दोन दातांच्या काट्याने. मी वर म्हटलं ना, सगळं घरातच घडतं, ते यासाठी. तिथे ना बाईक आहे, ना टोळी, ना पैसा. गैरसमज, नातवंडं दूर जातील ही भीती, आणि हातात आलेली वस्तू. इतकी गलिच्छ, धडपडीची, अवघडलेली मारामारी टीव्हीवर क्वचित दिसते. सातवा सीझन मग त्या एका खोटेपणावर उभा आहे, जेम्मा भलत्याचं नाव घेते आणि जॅक्स त्या भलत्याच लोकांवर सूड उगवत सुटतो.

प्र. कुठल्या सीझनपासून जास्त वाढतं? मधे कुठे थांबता येईल?

पहिले दोन सीझन हिंसा कमी नाही पण मोजून आहे, एखादं माणूस मेलं तर त्याचं सुतक चार-पाच भाग चालतं. पहिल्या सीझनमध्ये जॅक्सचा जिवलग मित्र ओपी याच्या बायकोचा, डॉनाचा, चुकून खून होतो आणि ती एक गोळी पाचव्या सीझनपर्यंत पिच्छा सोडत नाही. तिसरा सीझन थोडा संथ, बेलफास्टमध्ये उगाच रेंगाळतो पण शेवटचा भाग जबरदस्त. चौथा माझा आवडता. पाचव्यापासून मीटर चढतं, ओपीचं तुरुंगात होतं ते (भाग ३) बघून कित्येकांनी सिरीजच सोडली, ऑटो स्वतःची जीभ चावून तोडतो ते पण याच सीझनमध्ये. सहावा अंगावर येतो. सातव्यात मृतदेह मोजणं सोडून द्या, भाग पण लांबलचक, काही तर तासाच्या वर जातात, बॉबी या क्लबच्या मेंबरचा डोळा, एस्कॉर्टच्या घरातलं हत्याकांड, पहिल्याच भागात जॅक्सने स्वयंपाकघरात बांधून केलेला छळ, आणि वरून मागे गाणं लावलेलं. एका मर्यादेनंतर काही वाटेनासं होतं आणि माझ्या मते तिथे सिरीज हरते, कारण सुरुवातीला हिची ताकद हीच होती की वाटायचं.

थांबायचंच असेल तर चौथ्या सीझनच्या शेवटी थांबा. शेवटच्या फ्रेममध्ये कोण कुठे बसलंय ते बघा आणि बंद करा, गोष्ट तिथे बऱ्यापैकी पूर्ण वाटते.

प्र. पोरगा पंधरा वर्षांचा, बाईकवेडा आहे. बाईकसाठी म्हणून बघू दे?

नको. बाईक आहेत छान, हार्लेच्या डायना, आवाज मस्त, पण पंधरा वर्षांच्या पोराला जे आवडेल ते सगळं चुकीचं आवडेल. जॅक्स देखणा आहे, चालतो स्टाईलमध्ये, पांढरे बूट, मागे कापणी करणाऱ्या मृत्यूदेवाचं चित्र, भावासाठी जीव देणारी दोस्ती. या वयात तेवढंच दिसतं. तो दर सीझनला बायकोला, मुलांना, मित्रांना कसा कसा बुडवतो ते बघायला स्वतःचं थोडं आयुष्य झालेलं लागतं. तो अठराचा झाला की एकत्र बघा, तेव्हा भांडायला मजा येईल. तोवर त्याला नोव्हेंबर-डिसेंबरात बाईकवाल्यांचे मेळावे भरतात तिकडे घेऊन जा, २०१३ पासून इंडिया बाईक वीक भरतोय, तिथे हार्लेपण बघायला मिळतील आणि कुणाची पाठ जाळलेली दिसणार नाही.

प्र. पुण्या-मुंबईचे रायडिंग क्लब पण असेच जॅकेट घालतात, ते पण असे असतात का?

अहो नाही. आपल्याकडचे क्लब म्हणजे रविवारी पहाटे पाचला उठून लोणावळा-माळशेज, मिसळ, फोटो, घरी. आयटीवाले, डॉक्टर, दुकानदार. जॅकेटवर पॅच, म्हणजे क्लबचा शिवलेला बिल्ला, लावायची पद्धत तिकडून आलीय, हे खरं, काही क्लब अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रॉस्पेक्ट म्हणजे उमेदवारीवरचा मेंबर ही पदं पण तशीच ठेवतात, पण त्यापलीकडे साम्य नाही.

प्र. मग अमेरिकेतल्या खऱ्या क्लबमध्ये हे सगळं होतं का, की नुसता मसाला?

मसाला भरपूर आहे पण पाया खरा आहे. हेल्स एंजल्स १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातच सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षी हॉलिस्टर गावात बाईकवाल्यांचा दंगा झाला होता, त्यावर मोटरसायकल असोसिएशनने म्हणे असं म्हटलं की ९९ टक्के बाईकवाले सभ्य आहेत, म्हणून उरलेल्यांनी मिरवायला १ टक्क्याचा बिल्ला लावला. असोसिएशन म्हणते असं आम्ही बोलल्याची नोंदच नाही, पण बिल्ला आजही आहे. अमेरिकेचं न्याय खातं अशा क्लबना टोळ्या मानतं आणि १९७० च्या रिको कायद्याखाली, म्हणजे अख्ख्या संघटनेलाच गुन्हेगारी धंदा ठरवणाऱ्या कायद्याखाली, खटले भरतं. सिरीजमध्ये सगळे ज्या रिकोला घाबरतात तो हाच.

मोठ्या चकमकी पण झाल्यात. २००२ मध्ये नेवाडातल्या लाफलिनच्या कसिनोत हेल्स एंजल्स आणि मंगोल्स भिडले, तिघं मेले. सिरीज संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, मे २०१५ मध्ये, टेक्सासच्या वेको गावात एका रेस्टॉरंटबाहेर दोन क्लब आणि पोलीस यांच्यात गोळीबार होऊन नऊ जण गेले, पावणेदोनशेच्या आसपास लोकांना पकडलं आणि शेवटी एकालाही शिक्षा झाली नाही. म्हणजे खऱ्या जगात असले दिवस वर्षानुवर्षांतून एखादा, आणि चार्मिंगमध्ये आठवड्याला एक. एवढ्याशा गावात इतके खून झाले तर दुसऱ्याच सीझनला लष्कर उतरलं असतं.

बारकावे खरे वाटतात त्याचं कारण डेव्हिड लाब्रावा, तो पूर्वी खरोखर हेल्स एंजल होता, आधी सल्लागार म्हणून आला आणि मग हॅपी हे पात्र त्यालाच दिलं. ओकलंडच्या हेल्स एंजल्सचा प्रसिद्ध म्होरक्या सॉनी बार्जरसुद्धा छोट्या भूमिकेत दिसतो. मीटिंगला "चर्च" म्हणणं, जॅकेटवरच्या पॅचला जिवापाड जपणं, मेंबर करायच्या आधी प्रॉस्पेक्टला झाडूपोछा करायला लावणं, हे सगळं तिकडचंच.

प्र. सिरीज गुन्हेगारांना हिरो करते का?

करते आणि करत पण नाही, आणि दर सीझनला प्रमाण बदलतं. जॅक्स मुलांसाठी डायरीत लिहितो की मी यातून बाहेर पडणार, आणि मग उठून जाऊन कुणाला तरी मारतो. सुरुवातीला लेखकाला ही विसंगती माहीत आहे असं जाणवतं. शेवटी शेवटी कॅमेरा त्याच्या प्रेमात पडलाय असं वाटतं. टी-शर्ट विकणाऱ्यांना तर फरक पडतच नाही, क्लबचा लोगो छातीवर घेऊन फिरणारी किती पोरं ताराचं काय झालं ते बघून फिरतायत देव जाणे.

प्र. याचा स्पिन-ऑफ मायन्स एम.सी. जरा सौम्य आहे का?

नाही, तोही टीव्ही-एमएच. २०१८ ते २०२३, पाच सीझन, कॅलिफोर्निया-मेक्सिको सीमेवरची गोष्ट, बरेच संवाद स्पॅनिश. रक्तपात आहे, पण मला तो जास्त उदास आणि कमी मिरवणारा वाटला, खास करून २०१९ मध्ये सटरला काढल्यावर एल्जिन जेम्सने सगळं हातात घेतलं तेव्हापासून. आधी हा बघितला तर चालेल का विचाराल तर चालेल, जुने दोन-चार चेहरे येतात तेव्हा अर्थ लागणार नाही एवढंच.

प्र. काही भाग स्किप करून बाकीचं बघितलं तर कळेल का?

कळेल. अख्खा भाग सोडू नका, तेवढा सीन पुढे ढकला. सीझन १ चा तिसरा आणि पाचवा, सीझन २ चा पहिला (शेवटची काही मिनिटं), सीझन ४ चा दहावा, सीझन ५ चा पहिला आणि तिसरा, सीझन ६ चा पहिला आणि शेवटचा, सातव्याचा पहिला. पुढच्या भागाच्या सुरुवातीला आधी काय झालं ते दाखवतात, पण तिथेही नेमका तोच सीन कापून येतो, तर ते पण पुढे ढकला.

प्र. हॉस्टेलवर/घरी हेडफोन लावून बघितलं तर चालेल ना, कुणाला आवाज जाणार नाही?

आवाज जाणार नाही. पण स्क्रीन दाराकडे नका ठेवू, आणि जेवताना तर अजिबात लावू नका.